एबिंगहाउस, हेरमान

(२४ जानेवारी १८५०–२६ फेब्रुवारी १९०९). जर्मन मानसशास्त्रज्ञ व स्मृतीच्या प्रायोगिक अभ्यासाचा प्रवर्तक. जन्म बार्मेन येथे, मृत्यू हाले येथे. बर्लिन, ब्रेस्लाऊ व हाले विद्यापीठांत अध्यापन. त्याचे नाव ‘विस्मरणवक्रा’शी जोडले गेले असले, तरी त्याचे मूलगामी कार्य म्हणजे ज्या मापनपद्धतीतून तो वक्र निघाला ती पद्धती होय. संवेदनांचे मापन गुस्टाफ फेखनरने १८६० मध्येच मांडले होते. मात्र उच्च मानसिक प्रक्रिया प्रयोगाच्या आवाक्याबाहेर आहेत, असे विल्हेल्म वुंटचे मत होते. एबिंगहाउसने काय आठवते हे न विचारता, विसरलेले पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, हे मोजले. त्यासाठी त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेची सुमारे २,३०० निरर्थक पदे जुळवली आणि मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत त्यांच्या मालिका बिनचूक म्हणता येईपर्यंत वाचल्या. वीस मिनिटांनंतर मूळ वेळेच्या सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्यानंतर २१ टक्के बचत झाली. म्हणजे विस्मरण आधी झपाट्याने होते, मग मंदावते. आणि जे जाणीवपूर्वक आठवत नाही, त्याचाही ठसा मोजता येतो. हे निष्कर्ष स्मृतीविषयी (१८८५) या ग्रंथात आले.

या कामावर दोन आक्षेप घेतले जातात. प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त एकच होता, हा पहिला. तो रास्त आहे. पण पद्धती इतक्या काटेकोरपणे नोंदलेली होती की २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांना तो प्रयोग पुन्हा करता आला. त्यांचाही प्रयुक्त एकच असला, तरी वक्र बराचसा जुळला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणूस अर्थाच्या आधारे स्मरतो, त्यामुळे निरर्थक पदांतून खरी स्मृती कळत नाही. फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्ये ही टीका विस्ताराने मांडली. तथापि अर्थाचा प्रभाव एबिंगहाउसने नाकारला नव्हता, उलट मोजला होता. बायरनच्या ‘डॉन जुआन’मधील कडवी पाठ करायला निरर्थक पदांच्या सुमारे एक दशांश श्रम लागतात, असे त्याला आढळले. अर्थाशिवाय स्मृती कशी चालते हे ठाऊक असल्याखेरीज ही तुलना शक्यच नव्हती. पुढे ब्रेस्लाऊच्या शाळकरी मुलांसाठी त्याने गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी तयार केली (१८९७). तीत तर सर्व भिस्त अर्थावरच होती. त्यामुळे निरर्थक पदे ही त्याची स्मृतीविषयीची भूमिका नसून मापनाची पायाभूत पातळी ठरतात.