देव गेला, गाव राहिले

मेक्सिको शहरातील चापुल्तेपेक उद्यानात असलेल्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयाचे उद्घाटन १७ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. वास्तुविशारद पेद्रो रामिरेस वास्केस यांच्या या वास्तूच्या चौकात एकाच खांबावर पेललेले विस्तीर्ण छत आहे. ते पाहण्यास आम्ही उत्सुक होतो. परंतु आत शिरण्यापूर्वीच आमची पावले थबकली, ती रस्त्यालगत उभ्या असलेल्या एका प्रचंड पाषाणमूर्तीपाशी. सुमारे सात मीटर उंचीची ही मूर्ती पर्जन्यदेव त्लालोकची मानली जाते. काही अभ्यासक मात्र तिला जलदेवता म्हणतात.

ही मूर्ती मूळची शहराच्या पूर्वेकडील तेस्कोको परिसरातल्या कोआत्लिंचान गावची. याच परिसरात चापिंगो येथील कृषिविद्यालयात आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी अध्यापन केले व मक्यावर संशोधन केले, ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असेल. कोआत्लिंचानच्या ओहळात ही शिळा शतकानुशतके आडवी पडून होती आणि पाऊस तिच्यामुळे पडतो अशी ग्रामस्थांची श्रद्धा होती. संग्रहालयासाठी ती नेण्याचे ठरले, तेव्हा गाव विरोधात उठले. लोकांनी दोर कापले, वाहनाची नासधूस केली. अखेर लष्कर आणावे लागले. बदल्यात रस्ता, शाळा व दवाखाना देण्याचे ठरले. १६ एप्रिल १९६४ रोजी खास बांधलेल्या वाहनावरून सुमारे १६७ टनांची ती शिळा राजधानीत पोहोचली आणि त्या कोरड्या ऋतूत मुसळधार पाऊस कोसळला.

शासकीय सेवेत असताना भूसंपादनाच्या निमित्ताने आम्हीही गावकऱ्यांपुढे रस्ता, शाळा, दवाखाना अशीच यादी वाचून दाखविली आहे. यादी खोटी नसे. पण गावकरी जे मागत, ते तिच्यात नसे.

आतल्या दालनात कोआत्लिक्वे या मातृदेवतेची मूर्ती आहे. ऑगस्ट १७९० मध्ये शहराच्या मुख्य चौकात खोदकाम चालू असता ती सापडली. स्पॅनिश सत्ताधाऱ्यांनी ती विद्यापीठात नेली. पण तिच्या दर्शनास स्थानिक लोक येऊ लागलेले पाहून तिला पुन्हा जमिनीत पुरण्यात आले. १८०३ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन प्रवाशासाठी ती उकरली गेली आणि नंतर पुन्हा पुरली गेली. विद्वानाने पाहिलेली चालते, भक्ताने पाहिलेली चालत नाही, हा न्याय आम्हास विलक्षण वाटला.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर प्राचीन संस्कृतींचे अवशेष आहेत, तर वरच्या मजल्यावर आजच्या आदिवासी समाजांची घरे, वस्त्रे व अवजारे मांडलेली आहेत. खाली पूर्वज, वर वंशज, अशी ही रचना. तरीही दोहोंना जोडणारा जिना चढणारे प्रेक्षक खालच्यांहून फार थोडे होते, हे त्या दिवशी आम्ही पाहिले.

इतिहासाचे जतन व्हावे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ही मूर्ती आज जगभरचे लोक पाहतात, हे संग्रहालयाचेच श्रेय होय. परंतु आपल्या घराण्यांचे पूर्वज माळव्यात, गुजरातेत वा निजामाच्या मुलखात गेले, तेव्हा त्यांनी कुलदैवतांचे टाक वस्त्रात गुंडाळून बरोबर नेले. गाव सुटले, भाषेला वळण लागले, पण देवघर रिकामे राहिले नाही. आपल्याकडे देव माणसांसोबत गेले. कोआत्लिंचानमध्ये देव गेला आणि माणसे मागे राहिली.

२००७ मध्ये त्या गावाच्या चौकात मूर्तीची प्रतिकृती उभारण्यात आली. संग्रहालयाच्या दारातून परतताना आम्ही मूळ मूर्तीस नकळत हात जोडले. तिला हात जोडणारे त्या वेळी तेथे दुसरे कोणी नव्हते.