रसत्याग, दूध आणि बी-१२ची शंभर वर्षे



दशलक्षण पर्व जवळ आले की मंदिरात नियम घेणाऱ्यांची लगबग सुरू होते. कुणी एकाशन करते, कुणी एक दिवसाआड उपवास, कुणी रसत्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा सोडायचा. काही जणी पर्व संपल्यावरही दूध-दह्याचा त्याग तसाच चालू ठेवतात, काही तर आजन्म. त्यागाचे मोल तोलायला मी कोण? पण आपल्या ताटातून दूध आणि दही गेले की त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. ती डाळीत नाही, भाजीत नाही, बदाम-अक्रोडातही नाही, आणि मेंदूचे व नसांचे काम तिच्यावाचून अडते. तिचे नाव बी-१२. ती माणसाला सापडली कशी, हा इतिहास मी गेले काही महिने वाचते आहे. त्यात दोन ठिकाणी आपला महाराष्ट्र आहे, आणि एका ठिकाणी आपले विरजणसुद्धा!

सुरुवात लंडनची. १८४९ मध्ये थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी एका विचित्र पंडुरोगाचे वर्णन केले. माणूस फिकट पडत जायचा, दम लागायचा आणि शेवटी मरण यायचे. कारण सापडत नव्हते, उपाय नव्हता. पुढे लक्षात आले की यातल्या काहींचे पाय बधिर होतात, तोल जातो, बुद्धी भ्रमिष्ट होते. १९०० मध्ये रसेल, बॅटन आणि कॉलियर या तिघांनी मज्जारज्जूच्या या झिजेचे सविस्तर वर्णन केले. नसांवर विजेच्या वायरीवर असते तसे एक आवरण असते, त्याला मायलिन म्हणतात. ते आवरणच खराब होत होते. म्हणजे रोग नुसता रक्ताचा नव्हता, मेंदू आणि मज्जारज्जूचाही होता.

१९२६ मध्ये बॉस्टनच्या मिनो आणि मर्फी यांनी ४५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. उपाय होता रोज पाव किलोच्या आसपास जनावराचे यकृत खाणे. वाचतानाही आपल्या अंगावर काटा येतो, पण मरणाच्या दारातली माणसे उठून बसली हे खरे. (यातले मिनो स्वतः मधुमेही होते आणि नुकत्याच सापडलेल्या इन्सुलिनमुळे जगले होते, नाहीतर हा शोध त्यांच्या हातून लागताच ना.) १९३४ मध्ये व्हिपल, मिनो आणि मर्फी यांना नोबेल मिळाले. यकृतातले नेमके काय गुण देते हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात असाच भयंकर पंडुरोग व्हायचा, त्याचा तपास त्यांना करायचा होता. या बायकांच्या ताटात काय पडते, हे विल्सबाईंनी नीट पाहिले. मला त्यांचे कौतुक याचेच वाटते, कारण बायकांच्या दुखण्याचा तपास स्वयंपाकघरापासून सुरू करणारे डॉक्टर आजही विरळाच. त्यांना आढळले की स्वस्तातला यीस्टचा अर्क दिला की या बायका भराभर सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. तेच आजचे फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले.

इथे या कथेला जे वळण मिळते, ते आपल्यासारख्या पालेभाजी आणि डाळी खाणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे असे आहे. १९४५ नंतर फॉलिक ॲसिड कारखान्यात बनू लागले आणि डॉक्टरांनी ते ॲडिसनच्या रोगातही देऊन पाहिले. रक्त झपाट्याने सुधारले. सगळे खूश झाले. पण थोड्याच काळात त्यातल्या काहींचे पाय बधिर पडू लागले, चालणे बिघडले. रक्त चांगले दिसत होते आणि आत नसांची नासाडी चालूच होती. दोन्ही जीवनसत्त्वे रक्त तयार करताना एकमेकांना सांभाळून घेतात, पण नसांच्या बाबतीत फॉलिक ॲसिड बी-१२ची जागा घेऊ शकत नाही. म्हणून ‘माझे हिमोग्लोबिन बारा आहे, मला कसली कमतरता’ असे कुणी म्हणाली तर तेवढ्यावर थांबू नये. मेथी, पालक, मूग रोज पोटात जात असतील तर रक्त शाबूत दिसते आणि कमतरता लपून राहते.

आता विरजणाकडे. अमेरिकेत मेरी शॉर्ब नावाच्या जंतुशास्त्रज्ञ बाई होत्या. दुग्धव्यवसायाच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी पाहिले होते की लॅक्टोबॅसिलस कुळातला एक जंतू यकृताचा अर्क घातल्याशिवाय वाढतच नाही. त्यांनी विचार केला, की या जंतूला हवे असलेले आणि रुग्णांना बरे करणारे द्रव्य एकच असेल तर? तोवर अर्कात गुण आहे की नाही हे कळायला रुग्णावरच प्रयोग करावा लागे. शॉर्बबाईंनी ते काम जंतूंवर सोपवले. मर्क कंपनीने त्यासाठी त्यांना दिलेले अनुदान होते अवघे ४०० डॉलर! १९४८ मध्ये मर्कच्या शास्त्रज्ञांना लालभडक स्फटिक मिळाले आणि त्याच वर्षी इंग्लंडात ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथ यांनाही. त्या स्फटिकांची रचना डोरोथी हॉजकिन या आणखी एका बाईंनी १९५६ पर्यंत उलगडली. त्याच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला आहे. १९६४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

शॉर्बबाईंच्या जंतूची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. ‘दह्यातले जंतू बी-१२ तयार करतात, म्हणून विरजण लावले की झाले’ असे मोबाइलवर फिरणारे निरोप तुम्हीही वाचले असतील. पण शॉर्बबाईंचा तो जंतू दही लावणाऱ्या जंतूंचा सख्खा भाऊबंद, आणि तो बी-१२ खाणारा निघाला, बनवणारा नव्हे. दह्यात बी-१२ असते ते मुळात दुधातून आलेले. इडलीच्या पिठाचे, शेवग्याच्या पानांचे, स्पिरुलिनाचेही असेच गोडवे गायले जातात. स्पिरुलिनात असते ते बहुतांशी बी-१२सारखे दिसणारे, पण आपल्या शरीराला न चालणारे द्रव्य.

भारतात या कमतरतेचा पहिला मोठा इशारा तान्ह्या बाळांनी दिला. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा काही बाळांची माहिती प्रसिद्ध केली. बाळे गुटगुटीत, पण मंद. हसणे, मान धरणे, जे शिकली होती तेही विसरू लागलेली. त्वचा काळवंडलेली, हात थरथरणारे. सगळी अंगावर पिणारी आणि आया शाकाहारी. आईच्या दुधातच बी-१२ नव्हते. ते दिल्यावर बाळे सावरली. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर आपल्याकडे केवढी बंधने घालतात, आणि ती दूध पिते का, हे किती घरांत विचारतात?

दुसरा महाराष्ट्र पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथे बहुतेक आयांना फॉलिक ॲसिड पुरेसे होते, पण सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होते. त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर काही चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांचे बी-१२ फार कमी होते, त्यांची मुले लक्ष देण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या कामात मागे पडली. याच गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांचीही पाहणी प्रसिद्ध केली. सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात निघाली, झोपडपट्टीत किंवा खेड्यात नव्हे.

मग आपण करायचे काय? आधी दूध. शंभर मिली दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम बी-१२ असते आणि मोठ्या माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम लागते. म्हणजे अर्धा लिटर दूध-दही पोटात गेले तर बरेचसे भागते. चहातल्या चार चमचे दुधाने नाही भागत. दूध तासन्‌तास आटवले की बी-१२ घटते. पनीर किंवा चक्क्याचे पाणी ओतून दिले तर त्याबरोबरही काही जाते, ते कणकेत किंवा कढीत घालावे. तुपात मात्र ते जवळजवळ नसतेच. ‘मी दूध घेत नाही, पण तूप भरपूर खाते’ असे म्हणणारीला हे सांगायला हवे.

दहा दिवसांच्या रसत्यागाने काही बिघडत नाही, कारण यकृतात बी-१२चा साठा असतो आणि चांगला असेल तर तो काही वर्षे पुरतो. प्रश्न आहे वर्षानुवर्षे दूध सोडणाऱ्यांचा, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्यांचा, आणि साठीपुढच्यांचा. वय वाढले की पोटातले आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ सुटे होत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी त्यात भर घालतात. घरातल्या आजी अलीकडे विसरतात, पाय बधिर झाले म्हणतात, अंधारात भिंत धरून चालतात, तर ‘वयच झाले’ म्हणण्याआधी रक्तात बी-१२ तपासून घ्या. वेळेत सापडले तर सुधारते. उशीर झाला तर पायांचा बधिरपणा पुरता जात नाही.

आणि औषध आपल्याला चालते का? औषधातले बी-१२ आज यकृतातून काढत नाहीत. १९४८ मध्येच दिसून आले की स्ट्रेप्टोमायसिन देणारा मातीतला जंतू बी-१२ही तयार करतो, आणि तेव्हापासून ते टाक्यांमध्ये जंतू वाढवून बनवतात. सूक्ष्म जीवांचा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातही प्रश्न पडेल. ज्या त्यागी-व्रती आहेत त्यांनी तो आपल्या गुरूंनाच विचारावा. कॅप्सूलचे मात्र मी ठामपणे सांगेन. तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतानाच कॅप्सूलऐवजी साधी गोळी लिहून द्यायला सांगा, आणि दुकानात पाकीट हातात घेऊन त्यावर काय छापले आहे ते वाचून बघा.