शरणपूर ते राबाई : मुक्त केलेल्या आफ्रिकन मुलांच्या संगोपनाचा एक अध्याय

१

एकोणिसाव्या शतकातील पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात गुलामांच्या व्यापाराचे उच्चाटन आणि ख्रिस्ती मिशनांचे कार्य हे दोन विषय सामान्यतः एकत्रच मांडले जातात. आरमाराने गुलामांना सोडवावे आणि मिशनाने त्यांचा सांभाळ करावा, अशी ती सरळ कथा असते. या कथेत एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. सोडविलेल्या लोकांत मुलांचा भरणा मोठा होता. ज्या मुलाचे गाव कोठे आहे हे सोडविणाऱ्याला ठाऊक नाही, ज्याची भाषा भोवतालचे कोणी बोलत नाही, आणि ज्याला घरी पोचविण्याचा मार्ग पुन्हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच मुलुखातून जातो, अशा मुलाला मुक्त करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या काळच्या कार्यकर्त्यांपुढे वारंवार उभा राहिला. नाशिकजवळचे शरणपूर आणि मोंबासाजवळची फ्रियरटाउन व राबाई या तीन वसाहतींच्या इतिहासात या प्रश्नाला मिळालेली उत्तरे पाहावयास मिळतात. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे उत्तर मिशनच्या चालकांनी दिलेले नसून त्यांनी सांभाळलेल्या मुलांनी, मोठेपणी, स्वतःच्या जबाबदारीवर दिलेले आहे.

२

झांझीबारच्या सुलतानाशी इंग्रजांनी १८२२ व १८४५ साली केलेल्या तहांमुळे गुलामांच्या समुद्रमार्गे निर्यातीवर क्रमाक्रमाने निर्बंध आले. सुलतानाच्या आफ्रिकेतील प्रदेशाच्या हद्दीत हा व्यापार चालूच राहिला. परंतु अरबस्तानाकडे व इराणच्या आखाताकडे जाणारी गलबते पकडण्याचा अधिकार गस्तीच्या जहाजांना मिळाला. पकडलेल्या गलबतांवरील माणसे परत किनाऱ्यावर उतरविली तर ती पुन्हा विकली जाण्याची भीती असे. म्हणून त्यांपैकी अनेकांना एडन व मुंबई येथे नेण्यात येई. मुंबईत त्यांची व्यवस्था पोलीस खात्याकडे असे. प्रौढांना कोठेतरी चाकरी लावून देता येई. मुलांना कुटुंबांच्या अथवा धर्मसंस्थांच्या स्वाधीन करण्यात येई.

चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिक शहराच्या पश्चिमेस १८५४ च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. स्वकीयांनी बहिष्कृत केलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना आसरा व रोजगार मिळावा, हा तिचा मूळ हेतू होता. पूर्वी ॲबिसिनियात काम केलेले व अम्हारिक भाषेचा कोश रचणारे पाद्री कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हे मुंबईस होते. आफ्रिकन मुलांचे जे आश्रयगृह त्यांच्या देखरेखीखाली चाले, ते १८६० च्या सुमारास शरणपुरास हलविण्यात आले. अशा रीतीने याओ, माकुआ आदी जमातींची, न्यासा सरोवराच्या आसपासच्या प्रदेशांतून पळवून आणलेली मुले गोदावरीच्या काठी वाढू लागली. मुलांना इंग्रजी लिहिणेवाचणे, सुतारकाम व लोहारकाम, तर मुलींना गृहकृत्ये शिकविली जात. मुलींचे विवाह बहुधा तेथेच वाढलेल्या मुलांशी होत.

या संगोपनाची एक खूण मुलांच्या नावांत उमटलेली आहे. बाप्तिस्म्याबरोबर मुलाला नवे नाव मिळे, आणि आडनाव पुष्कळदा मिशनशी संबंधित व्यक्तीचे असे. पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेल्या मुलांत एक सायमन प्राइस आहे आणि एक रिचर्ड इझेनबर्ग आहे. ज्या मुलाचे पितृनाम हरपले आहे त्याला पालकाने आपले नाव द्यावे, यात वात्सल्य आहेच. पण त्या नावाखाली मुलाचे पहिले नाव कायमचे गाडले जाते, हेही तितकेच खरे. आश्रय आणि विस्मृती या दोन्ही गोष्टी त्याला एकाच हाताने दिल्या गेल्या.

याच सुमारास अन्य मिशनेही या क्षेत्रात उतरली होती. १८६४ साली युनिव्हर्सिटीज मिशनचे बिशप टोझर झांझीबारला येऊन राहिले, तेव्हा सुलतानाने पकडलेल्या गलबतावरील पाच मुले त्यांच्या स्वाधीन केली, आणि त्या पाच मुलांपासून त्यांच्या शाळेचा आरंभ झाला. झांझीबारहून येऊन १८६८ साली बागामोयो येथे स्थिर झालेले फ्रेंच कॅथलिक पाद्री तर गुलामांच्या बाजारात मुले विकत घेऊन त्यांना मुक्त करीत. हेतू कितीही शुद्ध असला तरी खरेदीने बाजाराला गिऱ्हाईक मिळते, हा या पद्धतीवरील आक्षेप उघड आहे. परंतु बाजारात उभ्या असलेल्या विशिष्ट मुलाच्या दृष्टीने या आक्षेपाला काय अर्थ होता, हेही विसरता येत नाही.

३

शरणपूरच्या मुलांचे नाव सर्वत्र झाले ते डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळे. १८६५ साली तो अखेरच्या प्रवासाच्या तयारीसाठी मुंबईस आला, तेव्हा सर बार्टल फ्रियर हे मुंबईचे गव्हर्नर होते. लिव्हिंग्स्टनने शरणपूरचे ९ तरुण निवडले. १८६१ साली शिरे नदीच्या वरच्या प्रदेशात ज्यांना सोडविण्यात आले होते आणि ज्यांना त्याने १८६४ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे ठेवले होते, ते चुमा व विकातानी हे दोन याओ मुलगेही त्याच्याबरोबर निघाले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझीबारला गेली.

मिशनच्या दृष्टीने ही मुले आपल्या जन्मभूमीस परतत होती. प्रत्यक्षात ती एका अनोळखी मुलुखात, दुसऱ्याच्या शोधमोहिमेची ओझी वाहण्यास निघाली होती. रिचर्ड त्याच वर्षी वाटेत मरण पावला. जेम्स रटन १८७१ साली मान्येमा प्रदेशात बाण लागून मेला. काहींनी मध्येच साथ सोडली. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्या आळसाविषयी व चुकारपणाविषयी कडवट तक्रारी आहेत. या तक्रारी वाचताना एवढे लक्षात ठेवावयास हवे की ज्या वाटांनी बालपणी साखळदंडांत चालावे लागले होते, त्यांच्यासारख्याच वाटांनी हे तरुण आता ओझी घेऊन जात होते.

१ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा अंत झाला, तेव्हा मूळच्या तुकडीपैकी सुसी, चुमा, अमोदा आणि शरणपूरचे एडवर्ड गार्डनर व नथॅनिएल कुंबा असे पाचच जण त्याच्याजवळ उरले होते. स्टॅन्लेने १८७२ साली पाठविलेल्या तुकडीतून आलेले शरणपूरचे आणखी काही तरुणही तेथे होते. त्यांपैकी जेकब वेनराइट याने लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरले त्या जागी प्रार्थना म्हटली व झाडावर नाव आणि तारीख कोरली. नंतर या मंडळींनी तो देह हजार मैलांहून अधिक अंतर वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो येथे आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, त्या वेळी शवपेटिकेबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. त्याने ठेवलेली रोजनिशी त्याच वर्षी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली.

या घटनेने इंग्लंडमधील लोकमत द्रवले, आणि शरणपूरच्या शिक्षणाचे सार्थक झाले असा निर्वाळा मिळाला. परंतु या कौतुकातच एक निकष दडलेला होता. मुलाचे संगोपन यशस्वी झाले की नाही हे त्याच्या निष्ठेवरून ठरविले गेले, आणि ती निष्ठाही आश्रयदात्याविषयीची निष्ठा. दुसऱ्या कोणत्या निकषाने या मुलांकडे पाहता येईल, याचा विचार इतक्यात कोणाला सुचला नव्हता.

४

१८७३ साली फ्रियर हे इंग्रज सरकारचे वकील म्हणून झांझीबारला गेले. त्याच वर्षी ५ जून रोजी सुलतान बर्गाशने समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद करणारा व गुलामांचे सार्वजनिक बाजार उठविणारा तह केला. यापुढे सोडविले जाणारे लोक मुंबईला न नेता पूर्व किनाऱ्यावरच वसवावेत, अशी फ्रियर यांची सूचना होती. बागामोयोच्या कॅथलिक वसाहतीतील शेती व धंदेशिक्षण पाहून ते प्रभावित झाले होते. त्यांच्या सूचनेनुसार चर्च मिशनरी सोसायटीने १८७४ साली प्राइस यांनाच मोंबासास पाठविले. १८७५ साली मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर फ्रियरटाउन वसले. शरणपुरात वाढलेले सुमारे दीडशे आफ्रिकन स्त्रीपुरुष हळूहळू तेथे व राबाईला येऊन दाखल झाले. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे नाव पडले, आणि नाशिकचे आश्रयगृह बंद झाले.

त्यांच्यातील काहींना हा प्रदेश नवा नव्हता. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे १८६४ सालीच पाद्री रेबमान यांच्या मदतीस राबाईला पाठविले गेले होते. जॉर्ज डेव्हिड हाही तेथील जुना कार्यकर्ता होता. या मंडळींचे स्थान विलक्षण होते. इंग्रजी जाणणारे, कसबी आणि वेषाने भिन्न असे हे लोक किनाऱ्यावरील आफ्रिकनांना परके वाटत. युरोपियन पाद्र्यांच्या लेखी ते साहाय्यक होते, बरोबरीचे नव्हते. ज्या वसाहतीचे भावी चालक म्हणून त्यांना आणले होते, तेथे त्यांच्यावर देखरेख करण्यासाठी इंग्रज अधीक्षक नेमले गेले.

फ्रियरटाउनमध्ये नव्याने मुक्त झालेल्यांना जमीन, घर व शाळा मिळाली. त्याबरोबर कामाच्या वेळा, हजेरी आणि शिक्षाही आल्या. घंटेच्या टोल्यावर वसाहतीचा दिवस चाले. १८८० नंतर लवकरच तेथील फटक्यांच्या शिक्षेचा बोभाटा झाला. ज्यांना चाबकापासून सोडविले त्यांच्यावरच वसाहतीत चाबूक चालावा, ही गोष्ट मिशनला फार लागली. संबंधित अधीक्षकाला जावे लागले आणि घडी बसविण्यासाठी प्राइस यांना पुन्हा यावे लागले. एकाच अधिकाऱ्याचा दोष म्हणून हे प्रकरण मिटविता येत नाही. आश्रित हा कायमचा बालक आहे, असे गृहीत धरून चालणाऱ्या व्यवस्थेत असा प्रसंग केव्हातरी यावयाचाच होता.

५

याहून कठीण प्रश्न पळून येणाऱ्या गुलामांचा होता. १८७३ च्या तहाने समुद्रावरील व्यापार थांबला. जमिनीवरील गुलामगिरी कायदेशीरच राहिली. मोंबासाच्या मालकांच्या मळ्यांतून निसटलेले गुलाम, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘वाटोरो’, मिशनच्या वस्त्यांकडे धाव घेऊ लागले. १८८० साली चिडलेल्या मालकांनी फ्रियरटाउनवर चाल करून जाण्याचा धाक घातला. सुलतानाचा कायदा मोडला तर मिशनचे अस्तित्वच धोक्यात येईल, हे जाणून सोसायटीने पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नये असा दंडक घातला. आरमाराने सोडविलेला तो आश्रयास पात्र, आणि स्वतःच्या पायांनी सुटून आलेला तो अपात्र, असा भेद त्यामुळे निर्माण झाला.

राबाईच्या आफ्रिकन कार्यकर्त्यांनी हा भेद व्यवहारात मानला नाही. विल्यम जोन्स याला १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी सेमलरबरोबर डीकनपदाची दीक्षा दिली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला तांडा सुखरूप राबाईला परत आणण्याचे काम जोन्सनेच केले. अशा माणसाच्या वस्तीत वाटोरो येत राहिले, झोपड्या बांधीत राहिले, शेते कसू लागले आणि त्यांची मुले शाळेत बसू लागली. १८८८ साली ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा कारभार सुरू होताच मालकांनी आपले गुलाम परत मागितले. चौकशी झाली, तेव्हा राबाई व इतर मिशनवस्त्यांत मिळून चौदाशेंहून अधिक पळालेले गुलाम आढळले.

या वेळी तिसऱ्यांदा मोंबासास आलेले प्राइस तेथे होते. शरणपूरच्या संस्थापकाने आपल्याच विद्यार्थ्यांनी दंडक बाजूस सारून काय उभे केले आहे, ते अशा रीतीने प्रत्यक्ष पाहिले. कंपनीचे प्रशासक जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई देऊन तडजोड घडविली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईला या लोकांच्या हाती मुक्ततेची पत्रे देण्यात आली. किनाऱ्यावरील गुलामगिरी कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९०७ साल उजाडावे लागले.

६

या इतिहासावरून दोन टोकांचे निष्कर्ष काढता येतात, आणि ते दोन्ही अपुरे आहेत. मिशनने निराधार मुलांचे कल्याण केले, असे म्हणून थांबल्यास त्यांची बदललेली नावे, लादलेली कामे आणि फ्रियरटाउनचा चाबूक नजरेआड होतो. मिशनने मुलांचा वापर केला, एवढेच म्हटल्यास शरणपूरच्या आश्रयावाचून त्या मुलांपुढे जो पर्याय होता तो नजरेआड होतो. गलबत पकडले गेले नसते तर त्यांपैकी बहुतेकांची विक्री ठरलेली होती.

संगोपनाचे मोजमाप आश्रयदात्याच्या हेतूंवरून अथवा आश्रिताच्या कृतज्ञतेवरून करण्याची रीत जुनी आहे. शरणपूरच्या बाबतीत अधिक सबळ पुरावा राबाईला मिळतो. जेकब वेनराइटच्या निष्ठेचे वर्णन शेकडो ग्रंथांत आले. राबाईच्या झोपड्यांना तितका मान मिळाला नाही. तरीही ज्याला बालपणी कोणी निवारा दिला, त्याने मोठेपणी वरिष्ठांची आज्ञा व स्वतःची सुरक्षितता पणाला लावून दुसऱ्याला निवारा द्यावा, ही गोष्ट निष्ठेपेक्षा वेगळ्या कोटीतील आहे. येथे आश्रित हा आश्रयदाता झाला, आणि त्याने आश्रयाची मर्यादा मूळ संस्थेपेक्षा अधिक रुंद केली.

लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांपैकी दीर्घकाळ जगलेला शरणपूरचा मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ साली मोंबासा येथे निवर्तला. फ्रियरटाउनच्या घंटेवरून तेथील परिसरास पडलेले ‘केंगेलेनी’ हे नाव आजही प्रचारात आहे. नाशिकला शरणपूर हे नाव एका रस्त्यास व परिसरास उरले आहे. त्या नावात जे वचन होते त्याचा एक भाग नाशिकला पाळला गेला आणि उरलेला भाग, संस्थेच्या दंडकाविरुद्ध, राबाईला.