घरातील मुंग्या: सुरक्षित उपाय, कीटकनाशकांचे धोके आणि विषबाधा झाल्यास काय करावे

ओट्यावर साखरेचे चार दाणे सांडले की तासाभरात मुंग्यांची रांग लागते. तुम्ही फवारा मारता आणि रांग नाहीशी होते. दोन दिवसांनी ती दुसऱ्या भिंतीतून निघते. मग कुणीतरी सुचवते, "हे घरगुती औषध काही कामाचं नाही, पेस्ट कंट्रोलवाले वापरतात ते जालीम औषध आणा." अनेक घरांत विषबाधेचा धोका इथूनच सुरू होतो.

उल्हासनगर कॅम्प २ सारख्या वस्तीत हा धोका जास्त असतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे राहायला आली आणि त्यातून हे शहर वाढले. बराकी असोत, चाळी असोत किंवा त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या दाट इमारती, दोन घरांत अनेकदा एकच भिंत असते. भिंतीतल्या फटींतून मुंग्या जशा शेजारी जातात, तसा विषारी वायूही जातो. त्यामुळे तुमच्या घरात काय वापरले जाते आणि शेजारी काय वापरले जाते, या दोन्ही गोष्टी तुमच्या आरोग्याशी संबंधित आहेत.

थोडक्यात

- घरातल्या मुंग्या घालवायला जालीम औषध लागत नाही. वारुळापर्यंत पोहोचणारे सौम्य आमिष लागते.
- शेतीची किंवा व्यावसायिक वापराची कीटकनाशके घरात आणू नका.
- ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका.
- विषबाधेची शंका आली तर उलटी करवू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

फवारा मारूनही मुंग्या परत का येतात?

ओट्यावर दिसतात त्या फक्त अन्न शोधणाऱ्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी आणि उरलेल्या मुंग्या भिंतीत, फरशीखाली, खिडकीच्या चौकटीत किंवा बाहेरच्या मातीत असतात. फवाऱ्याने समोरच्या मुंग्या मरतात, पण राणी अंडी घालतच राहते.

काही जातींच्या बाबतीत फवारा उलटाही पडतो. फारो मुंगी ही अगदी बारीक, पिवळसर मुंगी घरांत आणि रुग्णालयांत आढळते. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. औषधाने धोका जाणवला की ही वसाहत फुटते आणि एकेक गट नव्या ठिकाणी बस्तान बसवतो. स्वयंपाकघरात फवारा मारल्यावर न्हाणीघरात आणि कपाटात मुंग्या दिसू लागल्या, तर हे कारण असू शकते.

मुंग्यांपासून आरोग्याला काय त्रास होतो?

बहुतेक घरांत मुंग्या म्हणजे फक्त कटकट असते. पुढील परिस्थितीत मात्र दुर्लक्ष करू नका:

- तान्हे बाळ: तोंडाला किंवा कपड्याला दूध लागलेले असेल तर मुंग्या चावतात. बाळ कारण नसताना कळवळून रडत असेल तर कपडे काढून बघा.
- अंथरुणाला खिळलेला रुग्ण: शय्याव्रण, लघवीची पिशवी किंवा सांडलेले अन्न याकडे मुंग्या येतात.
- मधुमेह: पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखमेला मुंग्या लागल्याचे रुग्णाला कळतही नाही. रोज संध्याकाळी पाय तपासा.
- ॲलर्जी: लाल मुंगीच्या दंशाने बहुधा जळजळ आणि लहान फोड येतो. क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते. अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले तर लगेच १०८ ला फोन करा.

साध्या दंशावर साबण-पाण्याने धुणे आणि थंड पाण्याची पट्टी पुरते. फोड फोडू नका.

मुंग्या घालवण्याचा योग्य क्रम

१. अन्न आणि पाणी तोडा. साखर, गूळ, मिठाई आणि फरसाण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रात्री ओटा पुसा, खरकटी भांडी ठेवू नका, कचऱ्याचा डबा रिकामा करा. गळका नळ दुरुस्त करून घ्या. मुंग्यांना पाणीही हवे असते. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे. मात्र ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतील.

२. रांग पुसा. मुंग्या जाताना वासाची खूण सोडतात आणि बाकीच्या त्यावरून येतात. साबणाच्या पाण्याने रांगेतल्या मुंग्या मरतात आणि ती खूणही पुसली जाते. हळदीची रेघ मुंग्यांना थोडा वेळ अडवते, पण वारूळ संपवत नाही.

३. आमिष ठेवा. हा मुख्य उपाय आहे. आमिषात गोड किंवा तेलकट पदार्थासोबत थोडेसे, सावकाश परिणाम करणारे औषध असते. कामकरी मुंग्या ते खाऊन वारुळात जातात आणि तोंडाने एकमेकींना व राणीला भरवतात. औषध तीव्र असेल तर मुंगी वाटेतच मरते आणि राणी सुटते. म्हणून इथे सौम्य औषधच जास्त काम करते.

दुकानातून घेताना लेबलवर "मुंग्यांसाठी" असे लिहिलेली जेल किंवा तयार आमिषाची डबी घ्या. झुरळांसाठीची जेल मुंग्या खातीलच असे नाही. रांगेच्या वाटेवर, पण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी लहान ठिपके लावा. पहिल्या दिवशी मुंग्या जास्त जमतील. घाबरू नका आणि त्या मारू नका. आमिष लावलेल्या भागात फवारा मारला किंवा खडू ओढला तर मुंग्या आमिषाकडे येणारच नाहीत. फरक पडायला एक-दोन आठवडे लागू शकतात.

४. फटी बुजवा. मुंग्या कमी झाल्यावर पांढऱ्या सिमेंटने भेगा, पाइपभोवतीच्या जागा आणि चौकटीच्या फटी भरा. शेजारच्या घरातही मुंग्या असतील तर दोघांनी एकाच वेळी आमिष लावा.

कॅरम पावडरबद्दल सावधगिरी

कॅरम बोर्डावर टाकतात त्या पावडरीत बहुधा बोरिक ॲसिड असते. साखरेच्या पाकात मिसळून मुंग्यांना घालण्यासाठी अनेक जण ती वापरतात. हा उपाय चालतो, पण प्रमाण साधारण १०० ग्रॅम पाकाला १ ग्रॅम इतके कमी हवे आणि ते मिश्रण बारीक भोके पाडलेल्या बंद डबीत हवे. पावडर दिसायला पीठ, पिठीसाखर किंवा बाळाच्या पावडरीसारखी असते. ती पोटात गेल्याने किंवा बाळाच्या सोललेल्या त्वचेवर लावल्याने गंभीर विषबाधा होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग करू नका, तयार डबी आणा.

पेस्ट कंट्रोलवाल्यांचे औषध स्वतः आणावे का?

नाही. त्याची कारणे समजून घ्या.

भारतात कीटकनाशकांची विक्री आणि वापर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली आणि १९७१ च्या नियमांखाली चालतो. प्रत्येक औषधाला ठरावीक वापरासाठी नोंदणी मिळते. घरगुती औषध घरासाठी तपासलेले असते, शेतीचे औषध पिकासाठी. पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करायला परवाना लागतो.

व्यावसायिक बाटलीतले औषध संहत असते. ते मोजून, हातमोजे घालून, अनेक पट पातळ करावे लागते. अंदाजाने टोपणभर औषध बादलीत ओतले तर खोलीत किती विष पसरले हे सांगता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचा मृत्यू झाला. ते मोकळ्या शेतात होते. दहा बाय दहाच्या खोलीत हवा किती कोंडते याचा विचार करा.

विकत घेताना लेबलवरचा रंगीत त्रिकोण बघा:

- लाल: अत्यंत विषारी
- पिवळा: अतिशय विषारी
- निळा: मध्यम विषारी
- हिरवा: कमी विषारी

लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध स्वतः घरात वापरू नका. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे. तेही मुलांपासून दूर ठेवा. लेबल नसलेला खडू, सुटी पुडी किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेले औषध घेऊ नका. घरीही औषध कधी शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. तहानलेले मूल ते सरबत समजून पिते.

डायक्लोरव्हॉस हे एकेकाळी सर्रास वापरले जाणारे औषध केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. जुनी बाटली कपाटात असेल तर वापरू नका आणि मोरीत ओतू नका. बाटली तशीच बंद ठेवून घातक घरगुती कचरा म्हणून महापालिकेच्या कचरा विभागाकडे द्या.

ॲल्युमिनियम फॉस्फाइड: घरात नकोच

धान्याच्या गोदामात वापरायच्या या राखाडी गोळ्या काही जण उंदीर, ढेकूण किंवा मुंग्यांसाठी कागदात गुंडाळून घरात ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. सामान्य ग्राहकाला या गोळ्या विकण्यास कायद्याने मनाई आहे. लसणासारखा किंवा कुजलेल्या माशासारखा वास येऊ शकतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजू नका.

समजा, शेजारच्या खोलीत कुणी अशा गोळ्या ठेवून दार लावून गावी गेले. त्याच रात्री तुमच्या घरात दोघा-तिघांना एकदम मळमळ, उलट्या, छातीत दडपण आणि दम लागणे सुरू झाले. हे बाहेरच्या खाण्यामुळे झाले असे गृहीत धरू नका. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्या, शेजाऱ्यांना उठवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना शेजारच्या गोळ्यांबद्दल सांगा.

पेस्ट कंट्रोल करून घेताना काय विचारावे?

- परवाना दाखवा. औषधाचे नाव काय? लेबलचा फोटो काढून ठेवा.
- मुंग्यांसाठी जेल किंवा आमिष वापरता येईल का?
- किती तासांनी घरात परतायचे? तेवढा वेळ बाहेर राहा. आल्यावर दारे-खिडक्या उघडून पंखे लावा, मगच मुलांना आत घ्या.
- गर्भवती, तान्हे बाळ, दमा किंवा श्वसनाचा आजार असलेली व्यक्ती घरात असल्यास आधी सांगा.
- अन्न, पिण्याचे पाणी, भांडी आणि खेळणी झाका. माशांची टाकी, पक्षी आणि मांजर दुसरीकडे हलवा. फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड औषधे माशांना घातक असतात आणि त्यांतील काही मांजरांनाही.
- शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवा.

विषबाधेची लक्षणे

- घरगुती फवारे आणि खडू: त्वचेला मुंग्या आल्यासारखे वाटणे, डोळ्यांची आग, खोकला, दमा वाढणे. जास्त प्रमाणात पोटात गेल्यास उलट्या आणि झटके.
- क्लोरपायरीफॉससारखी औषधे: खूप घाम आणि लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक होणे, जुलाब, स्नायू फडफडणे, श्वास लागणे. यावर ॲट्रोपीनसारखे उपचार आहेत, पण ते लवकर सुरू व्हावे लागतात.

लगेच काय करावे?

१. रुग्णाला मोकळ्या हवेत न्या. खोलीत वायू असण्याची शक्यता असेल तर स्वतः आत थांबू नका.

२. औषध सांडलेले कपडे काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडा.

३. उलटी करवू नका. अनेक फवाऱ्यांत रॉकेलसारखा द्राव असतो. उलटी करवताना तो फुप्फुसात जाऊ शकतो. दूध, मिठाचे पाणी किंवा लिंबू देऊ नका.

४. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. कॅम्प २ मधील रहिवाशांसाठी कॅम्प ३ मधले शासकीय मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे.

५. बाटली, खडू किंवा वेष्टन सोबत न्या. कोणते औषध, किती आणि कधी गेले, हे उपचारासाठी महत्त्वाचे असते. पोलीस केस होईल या भीतीने काही लपवू नका.

दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र फोनवर वेळ न घालवता आधी रुग्णालय गाठा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संडासात लघवीच्या जागी मुंग्या येतात. मधुमेह आहे का?
लघवीतून साखर जात असेल तर मुंग्या येऊ शकतात, पण त्यावरून निदान होत नाही. मुंग्या ओलाव्यालाही येतात. वारंवार लघवी, जास्त तहान, वजन घटणे यांपैकी काही असेल तर रक्तातील साखर तपासून घ्या.

अन्नात मुंगी गेली तर?
एखादी मुंगी पोटात गेल्याने सहसा काही होत नाही. पण त्या जागी औषध मारलेले असेल तर ते अन्न टाकून द्या.

मुलाने मुंग्यांचा खडू चाटला. घरीच थांबू का?
मूल नीट दिसत असले तरी तोंड ओल्या फडक्याने पुसा आणि खडूचे वेष्टन घेऊन त्याला डॉक्टरांना दाखवा. झटका, सतत उलट्या, गुंगी किंवा श्वासाचा त्रास असेल तर थेट रुग्णालयात न्या.

लक्षात ठेवा

मुंग्या दोन आठवडे उशिरा गेल्या तर काही बिघडत नाही. घाईने आणलेल्या विषाचा परिणाम मात्र भिंतीपलीकडच्या बाळालाही भोगावा लागू शकतो. आमिष लावा, फटी बुजवा आणि थोडा धीर धरा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या त्रासाबद्दल प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्या.