पर्सेंटाइलची कुळकथा

सीईटी या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की केडगावातल्या घराघरांत एकच घोटाळा होतो. नातू "सत्तर" म्हणतो आणि आजोबा "सत्तर टक्के" ऐकतात. ते टक्के नव्हेत, पर्सेंटाइल. दशांशचिन्हापुढे सात आकडे घेऊन येणारी ती संख्या सांगते, की त्याच सत्रात बसलेल्या दर शंभर मुलांपैकी किती जण त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या खाली आहेत.

या मोजणीचं मूळ परीक्षेत नाहीच. फ्रान्सिस गाल्टननं लंडनच्या 1884च्या आरोग्य प्रदर्शनात हजारो लोकांची उंची, वजन, हातातला जोर मोजला. कोण कुठे बसतो हे दाखवायला 1885मध्ये त्यानं 'पर्सेंटाइल' वापरलं. सीईटीतला पर्यायी उत्तरांचा प्रश्न मात्र अमेरिकेतला. कॅन्सासच्या फ्रेडरिक केलीनं 1915च्या सुमारास तो रुजवला, तपासणाऱ्याच्या मर्जीवर गुण ठरू नयेत म्हणून. पुढे रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तरांनी शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते हे हेरलं आणि त्यावरून 1930च्या दशकात आयबीएमचं गुण मोजणारं यंत्र तयार झालं.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2014 आणि 2015मध्ये इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर झाले. 2016पासून पुन्हा सीईटी. 2018पर्यंत सगळी मुलं एकाच दिवशी ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करत. 2019मध्ये परीक्षा संगणकावर आली, मुलं अनेक सत्रांत विभागली गेली आणि प्रत्येक सत्राला निराळा पेपर मिळाला. कठीण पेपर वाट्याला आलेल्याचं नुकसान होऊ नये, म्हणून पर्सेंटाइल आलं. समजा, सत्रात 20,000 मुलं बसली आणि 140 किंवा त्याहून कमी गुण 19,000 जणांना पडले, तर 140 गुणांचे 95 पर्सेंटाइल.

पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, मॅथ्सचे 50 दोन-दोन गुणांचे. एकूण 200. साधारण 20 टक्के भाग अकरावीचा. चुकीला गुण कापत नाहीत, तरी मुलं प्रश्न कोरे सोडून येतात, याचं फार वाईट वाटतं. गुणांचं हे गणित अकरावीच्या पहिल्याच महिन्यात फळ्यावर मांडून दाखवायला हवं.

पर्सेंटाइल पद्धतीचा सारा भार एका गृहीतकावर आहे: प्रत्येक सत्रात हुशार आणि कच्च्या मुलांचं प्रमाण साधारण सारखं पडतं. सत्र मोठं असेल तर ते बहुतेक खरं ठरतं. सत्र लहान असेल, तर शंका घेणारा पालक चुकीचा नसतो.