कातड्याची पारख

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण नवे कपडे घालतो आणि नव्या वहाणांत पाय सारतो. कपड्याचा पोत आपण दुकानात चार वेळा चाचपून पाहिलेला असतो. वहाणेचे कातडे कोणत्या जनावराचे, हे मात्र क्वचितच विचारतो. पूर्वी ती पारख गावातच असे. पण ज्यांच्या हाती ती होती, त्यांना गाव जवळ येऊ देत नसे.

भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. बांधीतल्या चिखलात बैल आणि रेडे राबत, आणि मेल्यावरही ते गावाच्या उपयोगी पडत. म्हशी-रेड्याचे कातडे जाड व राठ; त्याचे वहाणेचे तळ आणि मळ्यातली मोट होई. गाईबैलाचे त्याहून पातळ, पण घट्ट विणीचे; ते वरच्या पट्ट्यांना व वाद्यांना लागे. शेळीचे पातळ आणि चिवट. खडी गंमतीच्या रात्री गर्जणाऱ्या ढोलकीच्या तोंडावर तेच ताणलेले. मेंढीचे मऊ, पण सैल; ते अस्तराला बरे. एकाच कातड्यातही पाठीचा भाग घट्ट आणि पोटाचा ढिला असतो. पोटाच्या कातड्याचा तळ लवकर दबतो, हे कारागिराचे बोट सांगे.

कमावण्याचे काम त्याहून नाजूक. पावसाळ्यात जनावर सोलायला उशीर झाला, की कातडे सडू लागे; गोचिडांचे आणि डागण्यांचे व्रण तर कायमचेच. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सैल करीत, आतले मांस तासून काढीत. मग कातड्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल, हिरडा असा कस भरून पाणी ओतीत आणि ती टांगून ठेवीत. झिरपलेले पाणी पुन्हा वर ओतावयाचे, असे अनेक दिवस चाले.

एवढी विद्या जाणणाऱ्यांच्या वाट्याला दुर्गंधी आली आणि विटाळही आला. मेलेली गुरे ओढण्याचे काम महारांवर लादलेले, तर कमावणे आणि शिवणे हे इतर जातींचे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले. पुढे गावोगाव गुरे ओढण्याचे कामही लोकांनी सोडले. त्यात चार पैशांची प्राप्ती बुडाली, पण मान वर झाली. हेच आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. दुसरी वाट वर्ध्याजवळ नालवाडीला दिसली. गांधीजींच्या प्रेरणेने १९३० नंतरच्या दशकात तेथे चर्मालय निघाले. काम टाकू नये, ते स्वच्छ व प्रतिष्ठित करावे, हा त्यामागचा विचार. एकाने काम सोडावयास सांगितले, दुसऱ्याने ते उजळावयास. पण काम करणाऱ्याला हीन लेखणे चूक, हे दोघांनाही मान्य होते.

दरम्यान क्रोमच्या क्षारांनी कातडे थोडक्या वेळात कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली व जगभर पसरली. विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली आणि मोटेबरोबर बरेचसे गिऱ्हाईकही गेले.

तेव्हा वाचकहो, यंदा वहाण घेताना कडेचा काप जरा निरखून पाहा. सालीत कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमचे, रंग आतवर मुरला नसेल, तर मधोमध निळसर-करडे दिसते. एवढी पारख आपल्याला सहज जमेल. ती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांची पारख करण्यात मात्र आपण फार उशीर केला.