एका पक्ष्यात तीन जाती

आज अमेरिकेत जाऊ. १८७४ साली विल्यम ब्रूस्टर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका वॉर्बलरला नवी जात म्हणून नाव दिलं. पुढे कळलं, ही जातच नव्हे! सोनेरी पंखांचा आणि निळ्या पंखांचा, अशा दोन वॉर्बलरचा तो संकर. त्या काळी पुरावा म्हणजे मारून पेंढा भरलेला पक्षी.

आता थेट मे २०१८. पेनसिल्व्हेनियात एका पक्षीनिरीक्षकाला विचित्र नर दिसला. रूप बरंचसं ब्रूस्टरच्या पक्ष्याचं, पण छातीवर तांबूस डाग, आणि गाणं चेस्टनट-साइडेड वॉर्बलरचं. तो तर वेगळ्याच जीनसमधला! त्याने फोटो-व्हिडिओ कॉर्नेल विद्यापीठाला पाठवले. डेव्हिड ट्यूज यांनी पक्षी धरून रक्ताचा थेंब घेतला नि सोडून दिला. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईबाप वेगळे ओळखता आले. (आमच्या धंद्यात याला गिट ब्लेम म्हणतात.) आई संकर, ब्रूस्टरच्याच पक्ष्यासारखी, बाप चेस्टनट-साइडेड.

तिने परका नर का निवडला? अ‍ॅपलाचियन डोंगरांत सोनेरी पंखवाले फार घटलेत. तिला आपल्यातला जोडीदारच मिळाला नसावा, असा संशोधकांचा अंदाज. म्हणून या शोधाचं कौतुक करताना मला जरा जडच जातं.